बर्फातलं माळवद आणि आमचे उस्मान मिस्त्री

उस्मान मिस्त्रींची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली आणि त्या भांडणात चूक माझी होती. डिप्लोमा करून मी नुकतीच एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लागले होते. मोहोळजवळच्या एका खेड्यात शाळेच्या तीन खोल्यांचं काम चाललं होतं. हातात नकाशा होता आणि अंगात नव्या नोकरीचा तोरा. मिस्त्रींनी मला सांगितलं की पश्चिमेची खिडकी नकाशात चुकीच्या जागी आहे. मी म्हणाले, "नकाशात आहे तसं बांधा." त्यांनी त्या खिडकीच्या जागेसमोर घमेलं पालथं मांडलं. दुपारचे तीन वाजले होते, एप्रिलचा महिना.

"बाई, हितं बसा घटकाभर," ते म्हणाले.

मी बसले. खिडकीसाठी सोडलेल्या जागेतून ऊन सरळ तोंडावर येत होतं. दहा मिनिटांत माझा जीव कासावीस झाला. मिस्त्री थापी पुसत म्हणाले, "तुमी धा मिंटं बसला. पोरं वरीसभर बसणार हायती." खिडकी हलली. ठेकेदाराच्या शिव्या मी खाल्ल्या. त्या दिवसापासून आजपर्यंत मी स्वतःला मिस्त्रींची शिष्या समजते, त्यांनी मला कधी तसं म्हटलेलं नसलं तरी.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवअंक निघतो आहे याचा आनंद आहेच. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. अंकाच्या संपादकांनी मोठ्या आदबीने मला सुचवलं होतं की मिस्त्रींची जी भिंत बिघडली, तो प्रसंग लेखात नसावा. गौरवाच्या वेळी कशाला ती आठवण, असं त्यांचं म्हणणं. मी मिस्त्रींनाच विचारलं. ते म्हणाले, "तीच लिवा. उभी भिंत काय, कुणीबी दावतं." तेव्हा संपादकांची क्षमा मागून मी त्या भिंतीबद्दलच लिहिणार आहे.

तिकडे जाण्याआधी कमलताईंचा प्रसंग सांगायला हवा, कारण त्याही त्या भिंतीपाशी होत्या. आपल्याकडे बांधकामावर बाई म्हणजे बिगारी. तिने घमेलं उचलायचं, वाळू चाळायची, विटा द्यायच्या. थापी पुरुषाच्या हातात. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडायला गेलं की कळतं किती घट्ट आहे. कमलताई मिस्त्रींच्या हाताखाली सहा-सात वर्षं घमेली वाहत होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या पडलेल्या अर्ध्या विटांचा थर लावून बघायच्या आणि मोडून टाकायच्या. मिस्त्रींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली थापी कमलताईंच्या हातात दिली आणि स्वतः विटा द्यायला उभे राहिले. साइटवरचे तीन गवंडी काम टाकून निघाले. बाईच्या बरोबरीने आम्ही दोरी धरणार नाही म्हणाले. ठेकेदार हातापाया पडू लागला. मिस्त्री म्हणाले, "जाऊ द्या की. जाताना त्यांनी लावलेल्या थराला वळंबा लावून जावा म्हणावं, आन् हिच्या थरालाबी." त्यांतला एक खरोखर ओळंबा लावून गेला आणि चार दिवसांनी मुकाट्याने परत आला. बाकीचे दोघे आले नाहीत. मिस्त्रींनी त्यांची वाटही पाहिली नाही.

आता त्या भिंतीकडे येते.

अक्कलकोटकडच्या एक डॉक्टरबाई आहेत, सगळे त्यांना अक्का म्हणतात. दर उन्हाळ्यात दोन महिने त्या हिमालयातल्या एका दूरच्या गावी जाऊन दवाखाना चालवत असत. गावात जेमतेम चाळीस घरं, झाड शोधावं लागेल असा उघडा डोंगर, आणि बारमाही दवाखाना घाटाच्या पलीकडे. हिवाळ्यात घाट बर्फाने बंद झाला की पाच महिने इकडचं माणूस इकडे आणि तिकडचं तिकडे. आदल्या हिवाळ्यात गावातल्या आरोग्यसेविका आंगमोताई यांची धाकटी बहीण बाळंतपणासाठी घाट ओलांडताना वाटेतच गेली. गावातल्या घरांत हिवाळ्यात माणसं आणि जनावरं एकाच उबेला राहतात, त्यामुळे बाळंतिणीला स्वच्छ, गरम अशी एक खोली हवी होती. एवढंच. एक खोली, तिला लागून औषधांची लहान कोठी, वर छप्पर. आणि ती त्याच वर्षी हवी होती, कारण आंगमोताईंची सून डोल्मा पोटुशी होती आणि तिचे दिवस ऐन जानेवारीत भरणार होते.

खालचे ठेकेदार यायला तयार नव्हते. अक्कांनी मला विचारलं आणि मी मिस्त्रींना. ही बातमी सोलापुरात फुटली तेव्हा जी चेष्टा झाली ती मला अजून आठवते. डिसेंबरात पंधरा डिग्रीला कानटोपी घालणारी माणसं बर्फात घर बांधायला निघाली. एका सन्माननीय आर्किटेक्टांनी मला फोन करून सांगितलं की हे त्रेसष्ट वर्षांच्या गवंड्याचं काम नव्हे. मिस्त्रींनी यातलं काहीच मनावर घेतलं नाही. त्यांनी अक्कांना दोन प्रश्न विचारले.

"तितं पाऊस किती?"

"जवळजवळ नाहीच. जो पडतो तो बर्फ."

"घरं कशाची?"

"मातीची. वरती सपाट छप्पर, तेही मातीचंच."

"मग ते माळवदच की," मिस्त्री म्हणाले. "आमच्या बापजाद्यांनी जलमभर दुसरं काय केलं? लाकडावर माती. चला."

आपल्या भागातल्या जुन्या लोकांना माळवद सांगायला नको. तुळया, त्यावर काटक्या, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, की सपाट छप्पर तयार. मिस्त्रींच्या वडिलांनी या पंचक्रोशीत किती माळवदं घातली त्याची गणती नाही. पण आपण सोलापूरकर एक गोष्ट विसरलो होतो, आणि मिस्त्रीही विसरले होते. आपण उन्हात बांधायला शिकलो होतो.

श्रावण संपता संपता आम्ही पाच जण तिथे पोहोचलो. मिस्त्री, कमलताई, दोन गडी आणि मी. पहिले तीन दिवस श्वास लागायचा म्हणून आम्ही फक्त बसून राहिलो आणि कडक भाकरी चघळली. शेंगाचटणीचं तेल सकाळी गोठलेलं असायचं. चौथ्या दिवशी आखणीची दोरी लागली. दगडाचा पाया, त्यावर दगड-सिमेंटच्या भिंती, असं सरकारने मंजूर केलेल्या कागदात होतं. सिमेंट ट्रकने घाटावरून आणलं होतं. आंगमोताई रोज येऊन बघत. पन्नाशीच्या बाई, बोलणं कमी. त्या हिंदी बोलत, मिस्त्री आपली दखनी. दोघांचं बरं जमायचं. दक्षिणेकडची खिडकी मिस्त्रींनी सवयीने लहान ठेवली होती. आंगमोताईंनी विचारलं, उन्हाकडे पाठ का. मिस्त्री हसले. "हमारे कने घर सूरज से छुपने कू बांधते, बाई."

खिडकी मोठी झाली. तेवढं ऐकलं. पण दुसरं ऐकलं नाही. भिंत चढू लागली तशी आमच्यातला जो तो संध्याकाळी बादल्या घेऊन भिंतीला पाणी मारू लागला. सोलापूरच्या गवंड्याला हे सांगावं लागत नाही. पाणी मारल्याशिवाय सिमेंट धरत नाही, आणि दुपारी मारलं तर उन्हाने उडून जातं, म्हणून संध्याकाळी मारायचं. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात ज्या पोरांना कामावरून हाकललं, त्यांतली निम्मी पाणी मारायला विसरलेली होती. आंगमोताई म्हणाल्या, रात्री पाणी नका मारू. मिस्त्री म्हणाले, चाळीस वर्षं मारतोय. मी इंजिनिअर. थंडीत सिमेंटचं काय होतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. तरी मी बादली धरली. हे मी कबूल करते.

सप्टेंबरच्या मध्यावर रात्री गोठवू लागल्या. एका सकाळी कमलताईंनी उत्तरेच्या भिंतीवर बोट फिरवलं आणि सांध्यातलं सिमेंट पिठासारखं खाली आलं. भिंतीत मुरलेलं पाणी गोठून फुगलं होतं. दोन भिंती छातीएवढ्या उभ्या होत्या, ओळंब्यात सरळ, दिसायला देखण्या, आणि आतून पोकळ झालेल्या. घाट बंद व्हायला महिनाही उरला नव्हता.

मी जे म्हणाले ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हणाले, "वरून चांगला जाड गिलावा करू. या हिवाळ्यापुरती उभी राहील."

मिस्त्री रागावले नाहीत. "बाई, ती पोरगी या भिंतीला टेकून बसणार. भिंत अंगावर आली तर तुमचा गिलावा कुणाला दावायचा?" असं म्हणून त्यांनी पहार घेतली आणि स्वतःच्या हाताने दोन्ही भिंती पाडल्या. कुणाला हात लावू दिला नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, दोन पावलं चालला की धाप लागावी अशी हवा. दर चार घावांनी ते थांबत आणि पुन्हा पहार उचलत. कमलताई रडत होत्या. गावातली माणसं लांब उभी राहून पाहत होती.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावाहून सरकारी बांधकामाचे एक साहेब जीप घेऊन आले. पडलेले दगड बघून त्यांचा आवाज चढला. इथल्या हवेत मैदानातली माणसं चालत नाहीत हे मी आधीच म्हटलं होतं, आता सामान आवरा, उरलेलं पुढच्या वर्षी बघू, असं बोलून त्यांनी काम थांबवायचा कागद पुढे केला. मिस्त्रींनी हात झटकून कागद घेतला, वाचता येत नसूनही नीट पाहिला आणि परत दिला.

"साहेब, पुढच्या साली तर पुढच्या साली," ते आपल्या दखनीत म्हणाले, मी मराठीत सांगते. "फक्त ह्याच्यावर एवढं लिहून द्या की डोल्माचं बाळंतपणबी पुढच्या सालापर्यंत थांबेल. मग आमी आजच निघतो."

साहेबांनी ते लिहून दिलं नाही. जीप परत गेली. आम्ही थांबलो.

त्या संध्याकाळी मिस्त्री आंगमोताईंच्या दारात गेले आणि उभ्यानेच म्हणाले की चूक माझी होती, आता तुम्ही सांगाल तसं बांधतो. मी मिस्त्रींना अनेक ठेकेदारांशी, इंजिनिअरांशी, एकदा एका आमदाराशीही वाद घालताना पाहिलं आहे. मान खाली घालताना तेवढं एकदाच पाहिलं. आंगमोताईंनी त्यांना चहा दिला आणि आपल्या घरामागे नेलं. तिथे मातीच्या कच्च्या विटा रचून ठेवल्या होत्या. त्या गावची रीत अशी की उन्हाळ्यात प्रत्येक घर विटा पाडून वाळवून ठेवतं, पुढच्या वर्षीच्या डागडुजीसाठी. आपण बियाणं राखून ठेवतो तशा त्या विटा. कुणी कुणाच्या विटा मागत नाही.

आंगमोताई घरोघर गेल्या आणि त्यांनी मागितल्या. आम्हाला वाटलं, चार-दोन घरं देतील. दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर बायकांची रांग लागली. पाठीवर टोपल्या, टोपल्यांत विटा. जिने आदल्या वर्षी आंगमोताईंशी बोलणं टाकलं होतं ती बाईही आली, विटा ठेवल्या आणि न बोलता गेली.

मग मिस्त्री शिकाऊ झाले. आंगमोताई शिकवतील तसं. माती कमी पाण्यात कालवायची, ऊन चढल्यावर कामाला लागायचं आणि ऊन उतरायच्या आत थर सुकलेला हवा. दर तीन थरांनंतर भिंतीत लाकडाची पट्टी, भूकंपासाठी. पाणी मारायचं नाही. मिस्त्रींचा हात सवयीने बादलीकडे जाई आणि ते स्वतःच्याच मनगटावर चापट मारत. संध्याकाळी ताज्या थरावर आम्ही आमच्या चादरी पांघरल्या आणि स्वतः अंगावरच्या कपड्यांत झोपलो. एकीकडे कमलताई दोरी धरत, दुसरीकडे गावातली एक म्हातारी. त्या दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, पण थर सरळ येत होता.

माझ्या वाट्याचा प्रसंगही त्याच दिवसांतला. एका दुपारी मला विरळ हवेने चक्कर आली आणि वांती झाली. खाली उतरायला हवं असं ठरलं. मला वाटलं, आपल्यापायी काम थांबणार. मिस्त्रींनी घोड्यावर माझी व्यवस्था केली, एक गडी बरोबर दिला आणि स्वतःचं लोकरीचं जाकीट माझ्या अंगात घातलं. त्यांना फक्त सदरा आणि स्वेटर उरला. तीन दिवसांनी बरी होऊन मी परत आले तेव्हा जाकीट परत देऊ लागले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मला भिंतीपाशी गरम लागतं." ते साफ खोटं होतं.

छप्पर घालायची वेळ आली तेव्हा मात्र शिकवायचं काही उरलं नाही. तुळया पॉपलरच्या, त्यावर वाळुंजाच्या फांद्या, त्यावर चिखल. आंगमोताई आणि मिस्त्री आमनेसामने बसून हाताने माती दाबत होते. एकाचा हात दुसऱ्याच्या हातासारखाच चालत होता. बुखारीचं, म्हणजे तिथल्या लोखंडी शेगडीचं, धुराडं बसलं, दार बसलं. आम्ही घाट उतरलो आणि चौथ्या दिवशी घाट बंद झाल्याचं कळलं.

जानेवारीत मिस्त्री टेंभुर्णीच्या एका साइटवर होते. मीही तिथेच होते. गावातला मोबाइल टॉवर कधीमधी चालतो, तसा तो त्या सकाळी चालला. आंगमोताईंनी सांगितलं की डोल्मा बाळंत झाली, दोघं सुखरूप आहेत. मिस्त्रींनी विचारलं, भिंत पाठीला गार लागते का. त्या म्हणाल्या, नाही. धूर आत येतो का. नाही. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला, वाळूच्या ढिगावर जाऊन बसले आणि डोक्याच्या रुमालात तोंड लपवून रडले. गडी काम थांबवून उभे राहिले. मुलगा की मुलगी हे विचारायचं राहूनच गेलं. ते मी विचारलं. मुलगी होती.

त्या खोलीत जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. साहेब बदलून गेले.

इथपर्यंत लिहून शुभेच्छा देऊन थांबावं असा गौरवलेखाचा रिवाज आहे. पण यंदा एक गोष्ट घडली आहे आणि ती न लिहिता थांबणं मिस्त्रींशी अप्रामाणिकपणा होईल. गेले दोन उन्हाळे त्या डोंगरात पाऊस पडू लागला आहे. बर्फ नव्हे, पाऊस, आपल्याकडे पडतो तसा. मातीची छपरं त्याला तयार नाहीत, कारण तिथल्या पूर्वजांनी तसा पाऊस पाहिलाच नव्हता. खोली गळू लागली. वरून आदेश आला की मातीचं काम पाडून पत्र्याची तयार शेड बसवा. पत्र्याखाली जानेवारीत बाळंतीण कशी राहील, हा प्रश्न कागदावर कुणी विचारलेला नाही. आंगमोताईंनी अक्कांना सांगितलं, अक्कांनी मिस्त्रींना. मिस्त्री म्हणाले, "बर्फाचं त्यांनी मला शिकवलं. पावसातलं माळवद मला येतं, त्यांना न्हाय येत. मग बसून कसं चालंल?"

अक्कांनी गेल्या उन्हाळ्यात तिथून येताना तिथली माती पिशवीत आणली होती. मिस्त्रींनी मोहोळला आपल्या अंगणात तिच्या माळवदाचा चौरंगाएवढा तुकडा घातला आहे. उतार दिला आहे, एका बाजूला लहानसं पन्हाळ काढलं आहे, आणि रोज सकाळी नमाज झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून खाली हात धरून बघतात. तीन वेळा मोडून पुन्हा घातला. चौथा तुकडा अजून गळलेला नाही.

त्यांचे चिरंजीव मुनीरभाऊ गेल्या महिन्यात मला भेटले. काळजीत होते आणि ती काळजी खरी आहे. मिस्त्रींचा गुडघा दुखतो, रक्तदाब आहे, डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केली आहे. मुनीरभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकत्यात ते. ह्या सत्काराच्या निमित्तानं सांगा की त्यास्नी, आता बसा म्हणून. शाल घ्या, खुर्चीत बसा, लई झालं."

मुनीरभाऊ, मी तेव्हा तुम्हाला काही बोलले नाही. उत्तर इथे, सगळ्यांसमोर देते. मी त्यांना बसा म्हणणार नाही. पंचाहत्तरी ही माणसाला खुर्चीत बसवायची वेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो सत्कार जरूर करावा, हार घालावा, मीही टाळ्या वाजवीन. पण ज्या माणसाने आपलीच भिंत आपल्या हाताने पाडली आणि चुकलो म्हणून दुसऱ्याच्या दारात उभा राहिला, त्याला आता तुमचं काम संपलं हे सांगायचा अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, आणि त्या पत्र्याच्या आदेशावर सही करणाऱ्याला तर मुळीच नाही. अक्कांनी तुमच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्या ठरवल्या आहेत. वाटेत दोन मुक्काम जास्त करणार आहोत. घाटावर ते घोड्यावरून जातील, आणि घोड्याला नाही म्हणाले तर मी वाटेतून परत फिरेन हे त्यांना सांगितलं आहे. विरळ हवेत जाकीट या खेपेला मी देईन. कमलताई येताहेत. माती खणणं, वाहणं, तुडवणं आम्ही करू, त्यांनी फक्त हात लावून सांगायचं.

उस्मान मिस्त्रींना भरपूर आयुष्य लाभावं, गुडघ्याने साथ द्यावी, छातीतला श्वास घाटाच्या माथ्यापर्यंत पुरावा आणि पुढेही कितीतरी वर्षं पुरावा, अशी त्यांच्या असंख्य शिष्यांच्या वतीने मनापासून इच्छा व्यक्त करते. मुनीरभाऊ, आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात सोलापूर स्टेशनवरून निघतो आहोत. परतीची तिकिटंही मी काढून ठेवली आहेत.